अम्मन दुपारी का झोपते?

कडुनिंबाला चार भोंगे बांधलेले होते आणि चारही भोंगे एका सुरात ओंकार लावून बसले होते. उंऽऽऽ. मध्ये श्वास नाही, थांबा नाही. खाली मांडवात कीळमडै गावची सगळी माणसं दाटीवाटीनं बसलेली. बाया जीभ हलवून उलुलुलु करत होत्या, आणि आडी म्हणजे आषाढातल्या जत्रेची आंबील पातेल्यात निवत चालली तरी वाढायला कुणी उठत नव्हतं.

फणसाच्या जाड फळीवर एक माणूस उघडाबंब मांडी घालून बसला होता. गावात नवाच आलेला नादसामी नावाचा बुवा त्याच्या छातीला तांब्याचा बोटभर भाला टेकवायचा. भाल्याच्या शेपटाला वायर, वायर भोंगेवाल्या चेल्लपांडीच्या मशीनीत, मशीन भोंग्यांना. भाला टेकला की उंऽऽ, काढला की गप.

"मी बोललो का? नाही. हा बोलला? नाही. मग बोललं कोण?" असं नादसामी विचारायचा आणि उत्तर यायच्या आत स्वतःच वर आभाळाकडं बोट करायचा. मग सांगायचा, की अम्मन, आपली गावदेवी, माणसाच्या आत बसून जप करते, फक्त आवाज बारीक, आपल्या कानाला पोचत नाही. मी काय केलं, तर नुसतं दार उघडलं.

आणि कुणी शंका काढलीच, तर त्याला फळीवर जागा नाही. त्याला अम्मनच्या उंबऱ्यात उभं करायचं. तिथं दिवसभर हळदीच्या पाण्याच्या घागरी ओतलेल्या, त्यामुळं घोट्याएवढा चिखल. अनवाणी उभं राहायचं आणि भाला लावून घ्यायचा. भोंगा मरत्या डासासारखा जरासा कण्हायचा आणि गप. "बघा," नादसामी म्हणायचा, "याच्यात अम्मन राहायला तयार नाही." शंका काढणारा घरी जाईपर्यंत त्याच्या बायकोनं रडून घर डोक्यावर घेतलेलं असायचं. तीनचार जणांची अशी गत झाल्यावर गावातली शंकाच संपली.

मदुरैच्या पश्चिमेला हा सगळा कोरडा मुलूख. तळ्यात पाणी आहे तोवर भात, नाहीतर देवाचं नाव. तळ्याची मोरी उघडायची-लावायची ती इरुळांडीनं. त्याच्या बापानं ते केलं, आज्यानं केलं. कुणाच्या शेताला किती पाणी, हे त्याच्या हातात, म्हणून माणसाला मान होता. त्या इरुळांडीच्या छातीत जेठात कळ आली. सरकारी दवाखान्याच्या तेनमोळी डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून काळजाच्या ठोक्यांची पट्टी काढली आणि पट्टी बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गोळ्या दिल्या, मदुरैच्या मोठ्या हॉस्पिटलात बोलणं केलं, बेड ठरवला. काळजाची नळी बंद होत आलीय, वेळ घालवू नका, असं त्याच्या बायकोला, पेच्चियम्माला, तीनदा बजावलं.

आणि मध्येच हा नादसामी उगवला. इरुळांडीला फळीवर बसवलं, भाला लावला. असा ओंकार निघाला म्हणता, की भोंगे थरथरले. नादसामीनं लगेच त्याच्या मनगटाला काप्पु बांधलं.

हे काप्पु म्हणजे हळदीचा दोरा. जत्रेचं व्रत घेतलं की बांधतात. एकदा बांधलं की सुटेपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही. लग्न असो, मयत असो, शेजारच्या गावातसुद्धा पाऊल टाकायचं नाही. एरवी जत्रा उरकली की पुजारी दोरा सोडतो आणि माणूस मोकळा होतो. पण नादसामीनं नवंच कलम काढलं: जोवर छातीत ओंकार आहे तोवर काप्पु. ओंकार काही थांबेना, काप्पु काही सुटेना, आणि हॉस्पिटल राहिलं शिवेपलीकडं. वर सांगून ठेवलेलं, की इंग्रजी गोळ्यांच्या वासानं अम्मन उठून जाते. इरुळांडीनं गोळ्या कोंबडीच्या खुराड्यावर ठेवून दिल्या.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मांडवात गेल्या त्या तावातावानंच. त्यांची खात्री, की कुठंतरी टेप लपवलेला आहे. भर मांडवात म्हणाल्या, मशीन उघडा, टेबलाखालचं कापड काढा, टेप दाखवा. नादसामी हसला. त्यानं स्वतः कापड उचललं. खाली टेप नव्हता. एक मशीन, एक बॅटरी, आणि चेल्लपांडीच्या जेवणाचा डबा. डबासुद्धा उघडून दाखवला, त्यात लिंबाचा भात. सगळा मांडव हसला. पेच्चियम्मानं बाईंच्या पदराला धरलं आणि हळूच म्हणाली, "अम्मा, पाया पडते, जा तुम्ही. तुमच्यावर रागावून ती यांच्या छातीतनं उठली तर मी कुठं जाऊ?"

बाई परत आल्या त्या जेवल्याच नाहीत. रागावायचं तरी कुणावर? बिनाऔषधाचा मेला असता तर नशीब म्हटलं असतं. इथं औषध खुराड्यावर, बेड रिकामा, दवाखान्याची जीप दारात, आणि मध्ये आडवा आला बोटभर दोरा. असला राग माणसाला आतून खातो, कारण त्याला चावायला काही सापडत नाही.

त्यानंतर एका दुपारी त्या एका म्हातारीच्या छातीची पट्टी काढत होत्या. पायाला लावायचा चिमटा सैल झालेला. पट्टीवरची रेघ सरळ यायची सोडून सुरवंटासारखी केसाळ यायला लागली. नर्स म्हणाली, करंट घुसतोय बाई, चिमटा ओला करते. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. मशीन आपल्या आतल्या बॅटरीवर चालूच राहिलं, आणि सुरवंटाचे केस एका झटक्यात गळाले. रेघ लख्ख झाली. आणि त्याच घटकेला पलीकडच्या आमराईवरनं येणारा ओंकारही बंद पडला. शंख वाजला. अम्मनपुढं पडदा ओढताना नादसामी वाजवायचा तो शंख, तिच्या दुपारच्या झोपेचा.

बाईंनी पट्टी हातात धरूनच नर्सला विचारलं.

"ही अम्मन रोज याच वेळी झोपते का गं?"

नर्स म्हणाली, वीज जाते तेव्हाच की. मागच्या आठवड्यात वीज बाराऐवजी तीनला जायला लागली, तेव्हापासून अम्मनही तीनला झोपते. हे सांगताना तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्या गावाला माहीत होतं आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नव्हता. बाईंना हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. डोकं आपटायचं झालं तर आधी स्वतःचं. एवढं शिकून त्या टेप शोधत बसल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी चेल्लपांडीला दवाखान्यात बोलावून घेतलं. चेल्लपांडी म्हणजे दहा गावांत लग्नं, कान टोचणी, बारसं, जत्रा, सगळीकडं भोंगे बांधणारा माणूस. बाईंनी विचारलं, की माईकची वायर तुटली आणि उघड्या टोकाला बोट लागलं तर तुझ्या मशीनीत काय होतं? तो सहज म्हणाला, गुणगुणतं की, उंऽऽ करतं, रोजचंच आहे.

"मग हा ओंकार म्हणजे तेच नव्हे?"

चेल्लपांडी म्हणाला, "अम्मा, माझ्या हातानं होतं ते गुणगुणणं. सामींच्या हातानं होतं ते वेगळं असणार ना."

आता या बोलण्याला काय करायचं सांगा. माणूस खोटारडा नव्हता, लबाडही नव्हता. डोळ्यांनी बघितलेलं त्याचं एका खिशात आणि मानलेलं दुसऱ्या खिशात, दोघांची गाठच नाही. पण मायाळू होता. इरुळांडीचं ऐकून त्यानंच एक तोड काढली. म्हणाला, मी आपला गुपचूप वायर ढिली करतो. ओंकार थांबला की अम्मन संतोषानं गेली असं सामी म्हणतील, काप्पु सुटेल, तुम्ही यांना घेऊन जा. कुणाचं मन दुखायला नको.

खरं सांगायचं तर मोह झाला बाईंना. माणूस वाचणार होता, आणखी काय पाहिजे? पण मग त्या म्हणाल्या, "नाही रे. उद्या परत कळ आली की हा परत भोंग्याकडं कान लावून बसेल. बारीक कळ आली तरी बसेल. मी काय जन्मभर वायरी सोडत फिरू?"

दुसऱ्या दिवशी वीज जायच्या जरा आधी त्या मांडवात हजर. वीज गेली, शंख वाजला, नादसामी पडदा ओढायला लागला. बाई मोठ्यानं म्हणाल्या, की बॅटरी आहे, मशीन बॅटरीवर चालतं, इरुळांडी अय्यांच्या छातीला आत्ताच भाला लावा. नादसामी म्हणाला, अम्मनची झोप मोडून शाप घेणार का तुम्ही?

बाईंना वाटलं, आता गाव आपल्यालाच हाकलणार. पण इरुळांडी स्वतःच उठून फळीवर जाऊन बसला. "लावा सामी," तो म्हणाला. "माझी अम्मन विजेवर जगत नाही. बघू देत डॉक्टर अम्माला." भक्ताचा भरवसा असा असतो, लबाडांची तोंडं तिथंच सुकतात.

चेल्लपांडीनं बॅटरी जोडली. माईकवर टकटक केली, हलो हलो केलं, भोंगे खणखणीत बोलले. मशीन ठणठणीत होतं हे पोराटोरांनाही कळलं. मग भाला छातीला लागला.

काहीच नाही.

नादसामीनं भाला दाबला, घासला, मंत्र म्हटला. भोंगे मुके. आणि मांडवातनं एकदम रडण्याचा सूर उठला, की अम्मन गेली. इरुळांडीचा रंग उतरला. ओठ पांढरे पडले, हात छातीवर गेला. नादसामीनं संधी साधली, बाईंकडं बोट केलं आणि म्हणाला, हिनं हाकलली, आता या माणसाचं काही झालं तर हिच्या माथी.

अम्मन गेली म्हटल्यावर हा माणूस काय ऐकेल, याचा विचार डॉक्टरीणबाईंनी केलाच नव्हता. त्यांना खोटं उघडं पाडायची घाई झालेली, रोग्याची आठवण मागं राहिली. त्यांनी धावत जाऊन भाला हिसकला, स्वतःच्या छातीला लावला, चेल्लपांडीच्या दंडाला लावला, नादसामीच्या कपाळाला लावला. सगळीकडं गप. "अय्या, बघा, कुणाच्यातच नाही," त्या म्हणाल्या. "सामींच्यातसुद्धा नाही. मग तुमच्यातनंच गेली असं कसं?" आणि पेच्चियम्माला ओरडून सांगितलं, की खुराड्यावरच्या गोळ्या आण, पळ.

गोळी जिभेखाली गेली. हळूहळू रंग परत आला. वीज यायला दोन तास होते. मांडव काही उठला नाही. सगळे बसून राहिले, अम्मन येते का बघायला. बाई इरुळांडीच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. राग आवरून बोलत होत्या, आवाजात कळत होतं.

त्यांनी विचारलं, "अय्या, मोरीचा दांडा फिरवायला किती जोर लागतो?"

"दोन हातांचा. पोरगंही फिरवील."

"आणि पलीकडं पाणी किती जोरानं पडतं?"

"म्हैस वाहून जाईल."

"तो जोर तुमच्या हातातला का?"

इरुळांडीनं त्यांच्याकडं, हे काय विचारणं, अशा नजरेनं बघितलं. जोर तळ्याचा. हात फक्त उघडझाप करतो. थोडा फिरवला तर थोडं, जास्त फिरवला तर जास्त.

बाई म्हणाल्या, या पेटीचं तेवढंच काम आहे. हिच्या मागं तळं आहे विजेचं, नाहीतर बॅटरीचं. माईकमधनं आवाजाची मुंगीएवढी लाट येते, ती दांडा हलवते, आणि तळ्यातला जोर त्याच तालावर भोंग्यात पडतो. मुंगीची लाट तशीच्या तशी, फक्त हत्तीएवढी होऊन. रेडिओत हेच, फोनमध्ये हेच, बहिऱ्याच्या कानातल्या यंत्रात हेच. माझ्या दवाखान्यात तुमच्या छातीला लावलं त्या यंत्रातही हेच. छातीत विजेची इतकी बारीक लाट उठते, की मोठी केल्याशिवाय कागदावर उमटत नाही.

"म्हणजे छातीत काहीतरी आहेच ना," पेच्चियम्मा म्हणाली.

"आहे. पण ते कसं वाजतं? हात लावून बघ." बाईंनी तिचा हात नवऱ्याच्या मनगटावर ठेवला. "थांबून थांबून वाजतं. ठोका, मग गप. ठोका, मग गप. आणि तुमचा ओंकार? एकसारखा उंऽऽ. असं न थांबता थरथरणारं काळीज असलं ना, तर तो माणूस घडीभरात जातो. मी बघितलेत असे."

मग तो उंऽऽ कुठला, हे बाईंनी मांडवावर हात फिरवून दाखवलं. रंगीत दिव्यांच्या माळा, ट्यूब, खांबावरच्या तारा. त्यातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढंमागं झुलते. तारेला हात न लावतासुद्धा तिची झुळूक आपल्या अंगाला लागते, बारीक, आपल्याला कळतही नाही. फळीवर बसलेला माणूस जमिनीपासून तुटलेला, मग ती झुळूक भाल्यातनं मशीनीत जाते आणि भोंग्यातनं ओंकार होऊन येते. चिखलात उभ्या माणसाची ती पायावाटे जमिनीत उतरते, म्हणून भोंगा गप. म्हणून वाद घालणाऱ्याला चिखल आणि हो म्हणणाऱ्याला फळी. आणि वीजच गेली तर झुळूक कुठली? म्हणून दुपारची झोप.

नादसामी म्हणाला, हे पुस्तकातलं ज्ञान, देवीला लागू नाही. बाई वीज यायची वाट बघत बसल्या.

पाच वाजता दिव्यांच्या माळा लागल्या. बाईंनी पुजाऱ्याची जुनी मोपेड मागितली. दोघातिघांनी ती उचलून फणसाच्या फळीवर उभी केली. बाईंनी कुणाच्या छातीला हात लावला नाही. मोपेडच्या दांड्याला भाला अडकवला आणि हात काढून घेतला.

उंऽऽऽ.

चारही भोंगे थरथरले. इरुळांडीच्या छातीतनं निघायचा तोच सूर, तेवढाच भरदार. मग बाईंनी तीच मोपेड खाली चिखलात लोटायला लावली, स्टँड रुतलं, भाला लावला. कण्हून गप. एक पोरगं फिस्सकन हसलं, मग मांडवातले निम्मे हसले. नादसामीनं भाला गुंडाळला, वायर गुंडाळली, आणि म्हणाला, श्रद्धा नसलेल्या गावात मी थांबत नाही. त्याला कुणी अडवलं नाही, मारलं नाही. उलट जाताना दोघींनी त्याच्या पिशवीत नारळ घातले, वाटेत लागतील म्हणून. साडेपाचच्या बसनं तो गेला. पुढच्या कुठल्या गावात फळी मांडली असेल, त्यालाच माहीत.

आणि त्याहून वाईट, ज्यानं बाईंचा जीव खालीवर झाला, ते पुढं झालं. एक म्हातारी उठली, हळूहळू मोपेडपाशी गेली, आणि तिच्या दिव्याला कुंकू लावून हात जोडले. बाई म्हणाल्या, "अहो आत्ता, आत्ता तुमच्यासमोर दाखवलं ना?"

म्हातारी म्हणाली, "दाखवलंस की बाळा. लोखंडातसुद्धा आहे ती."

बाईंनी कपाळाला हात लावला. दोन तास घसा कोरडा केला, तो यासाठी.

पण इरुळांडी अजून फळीशेजारीच बसला होता. त्यानं मोपेडकडं बघितलं, वर तारांकडं बघितलं, चिखलाकडं बघितलं. पाण्याचा माणूस होता. कुठनं आलं, कुठं मुरलं, हे बघायची त्याला सवय होती. मग त्यानं मनगट तोंडाशी नेलं आणि काप्पु दातानं तोडलं. पेच्चियम्मा दचकून पुढं झाली. पुजाऱ्याच्या हातानं सोडतात ते, असं पुटपुटली.

"बांधलं होतं वायरवाल्यानं," इरुळांडी म्हणाला. "पुजाऱ्याला कशाला तसदी?"

मग अम्मनच्या मूर्तीला त्यानं हात जोडले, नेहमीसारखे, आणि बाईंना विचारलं, की जीपमध्ये बसल्यावर पाय लांब करता येतील का. शिवेवरच्या दगडापाशी जीप आली तेव्हा पेच्चियम्मानं डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. दगड मागं गेला, मदुरैचा रस्ता लागला.

नळी मोकळी झाली. महिन्याभरानं तो परत मोरीवर उभा राहिला. बाई मात्र अजून चिडतात. गावात गेलं की पुजाऱ्याच्या मोपेडवर कुंकू दिसतं आणि त्यांना ती दुपार आठवते. एका माणसाला कळलं, बाकी गावाला नुसती गंमत वाटली.

तर बाबांनो, देवीला हात जोडायला कुणी ना म्हणत नाही, इरुळांडीनंही जोडले. पण कुणी तुमच्या अंगातनं आवाज काढून दाखवला, तर पेटीच्या मागं कुठलं तळं आहे ते विचारा. फळी काढून बघा, वीज घालवून बघा, माणसाच्या जागी मोपेड ठेवून बघा. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो वायरवाला. पेटी आवाज मोठा करते, खरा करत नाही. आणि छातीत कळ आली, तर आधी जीप बोलवा. ओंकार मागनं म्हणा. त्याला थांबायला काही होत नाही, तुम्हाला होतं.